‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ (१९५६): शुक्रावरून आलेल्या पाहुण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने, स्वस्तातले विज्ञान-भयपट आवडतात असं चार लोकांत सांगितलं की आधी हसू येतं, मग प्रश्न येतात. या एका चित्रपटाबद्दल मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. गोष्टीचा शेवट फोडणारा प्रश्न वेगळा ठेवला आहे. तो आला की तसं सांगेन.

हा नेमका कुठला चित्रपट? नाव ऐकल्यासारखं वाटतं.

रॉजर कॉरमननं निर्माण आणि दिग्दर्शित केलेला, १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आलेला, ७१ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट. वितरक अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ या दोघांची ही कंपनी अगदी नवी होती आणि तिच्या तिजोरीत फारसं काही नव्हतं. नाव ऐकलं नसेल, तरी राक्षसाचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल: उलटं ठेवलेलं गाजर, त्याला खेकड्याच्या नांग्या आणि चेहऱ्यावर अपमान झाल्यासारखा भाव. जुन्या भयपटांची टर उडवायची झाली की हाच फोटो आधी काढला जातो.

गोष्ट थोडक्यात सांगाल का?

टॉम अँडरसन हा बुद्धिमान पण डावलला गेलेला शास्त्रज्ञ. अंतराळात उपग्रह सोडू नका, वर कुणीतरी आहे, असं तो वरिष्ठांना सांगत असतो. त्याला कुणी विचारत नाही. उपग्रह सोडला जातो, काही काळानं गायब होतो आणि परत येतो तो एका प्रवाशाला घेऊन. शुक्रावर त्या जातीचे फक्त नऊ जीव उरलेले असतात, त्यांतला हा एक. टॉमनं घरातल्या रेडिओयंत्रावरून त्याच्याशी आधीच संधान बांधलेलं असतं. गावात कुणाकुणाला ताब्यात घ्यायचं याची यादीही तोच देतो.

शुक्रवासी एका गुहेत बसतो आणि गावची सगळी ऊर्जा बंद पाडतो. दिवे, फोन, गाड्या, घड्याळं, नळाचं पाणीसुद्धा. चालू राहतं ते फक्त टॉमचं घर. टॉमचा जिवलग मित्र पॉल नेल्सन, तोही शास्त्रज्ञच, मध्ये उभा राहतो. पुढचा चित्रपट म्हणजे या दोन मित्रांचं भांडण. मला तरी तो राक्षसपट कमी आणि दिवाणखान्यातलं नाटक जास्त वाटतो.

मेंदूचा ताबा घेतात तो कसा?

शुक्रवासी स्वतःच्या अंगातून वटवाघळासारखे लहान उडते जीव तयार करतो. एकूण आठ: चार महत्त्वाची माणसं आणि त्यांच्या बायका. गावचा महापौर, पोलीसप्रमुख, लष्करी जनरल आणि पॉल. हे पाखरू मानेवर मागून बसतं, तिथे काहीतरी टोचतं आणि मरून पडतं. टोचलेला माणूस त्या क्षणापासून शुक्रवाशाचा.

आपल्याकडे ‘झपाटणं’, ‘अंगात येणं’ हे शब्द आहेत, म्हणून मराठी प्रेक्षकाला हे ओळखीचं वाटतं. पण फरक मोठा आहे. अंगात आलं की माणूस घुमतो, ओरडतो, केस मोकळे सुटतात. भावनेला पूर येतो. इथे नेमकं उलटं होतं. टोचलेली माणसं शांत होतात. त्यांना राग येत नाही, भीती वाटत नाही, प्रेम वाटत नाही. पोलीसप्रमुख गावच्या वृत्तपत्राच्या संपादकाला गोळी घालतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. या शांतपणाला एक पैसासुद्धा खर्च येत नाही, हे कॉरमनला पक्कं ठाऊक होतं.

मग टॉमच्या मेंदूचा ताबा कधी घेतात? मला तो प्रसंग सापडला नाही.

सापडणार नाही, कारण तो नाहीच. टॉमला पाखरू कधीच टोचत नाही. सगळ्या गावात ज्याचं डोकं अखेरपर्यंत स्वतःच्या मालकीचं राहतं तो हाच माणूस, आणि सगळ्यात जास्त नुकसानही हाच करतो.

त्याला पैसा नको आहे, सत्ताही नको आहे. शुक्रवासी येऊन माणसांतला द्वेष, युद्धं, मूर्खपणा संपवेल यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. शिवाय इतकी वर्षं ज्यांनी आपल्याला वेड्यात काढलं त्यांना आपण बरोबर होतो हे दिसेल, हा गोड हिशेबही आहेच. एका रात्री मित्र जेवायला आलेले असताना तो पडदा सारून रेडिओ लावतो आणि नुसती गुणगुण ऐकवून म्हणतो, हा शुक्रावरचा आवाज. समोरच्याला खरखर ऐकू येते आणि याला शब्द. बायको शेजारी उभी राहून हे सगळं बघते. नवऱ्याच्या विद्वत्तेची तिला आता लाज वाटावी की काळजी, हे तिचं तिला कळत नाही. मला या चित्रपटातली पहिली खरी भीती इथे वाटली. राक्षस अजून पडद्यावर यायचा असतो.

तो राक्षस असा का दिसतो हो?

हा प्रश्न नसता तर हे पान लिहायची वेळच आली नसती.

राक्षस बनवला पॉल ब्लेझडेलनं. हा मूळचा चित्रकार, विज्ञानकथांच्या मासिकांसाठी चित्रं काढणारा. अमेरिकन इंटरनॅशनलचे त्या वर्षांतले बरेचसे राक्षस त्याच्याच हातचे, आणि पुष्कळदा आत शिरून ते हलवायचाही तोच. लाकडी सांगाडा, त्यावर फोम रबर, वरून रंग. त्यानं या राक्षसाचं लाडाचं नाव ठेवलं होतं ब्यूला.

आकारामागे विचार होता, हे लोक विसरतात. ब्लेझडेलच्या डोक्यात शुक्र म्हणजे उष्ण, दमट, ढगांनी झाकलेला ग्रह. अशा ठिकाणी प्राण्यापेक्षा वनस्पती माजतील, तेव्हा बुद्धिमान जीवही अळंबीच्या जातीचा असेल: बुडाशी रुंद, जागचा फारसा न हलणारा. स्वतः हलता येत नाही म्हणून तर तो पाखरं पाठवतो! गोष्ट आणि आकार यांचा इतका नीट मेळ महागड्या चित्रपटांतही क्वचित दिसतो. कॉरमन स्टॅनफर्डचा अभियांत्रिकीचा पदवीधर. त्याचं म्हणणं, जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरचा जीव बसका असणार, उंच होणंच त्याला परवडणार नाही.

तर्क दोघांचेही चोख होते. मग ब्यूला चित्रीकरणाच्या जागी आली आणि नायिका बेव्हर्ली गार्लंड तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. राक्षस तिच्यापेक्षा बुटका. गार्लंडनं त्याच्याकडे वरून खाली बघितलं, जग जिंकायला आलास काय अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं आणि एक लाथ घातली. कॉरमनला मुद्दा कळला. डोक्यावर शंकूसारखी भर घालून ब्यूलाची उंची वाढवली गेली. आज आपल्याला दिसतं ते गाजराचं टोक म्हणजे ही नंतरची भर. राक्षस नायिकेपेक्षा नेहमी मोठा हवा, हा धडा आपण तिथे शिकलो, असं कॉरमन पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

शुक्र खरंच जड गुरुत्वाकर्षणाचा ग्रह आहे का?

नाही. शुक्र पृथ्वीपेक्षा किंचित लहान आहे आणि तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण ०.९ पट. म्हणजे कॉरमनचं गणित बरोबर होतं, पण ग्रह चुकला. वनस्पतींची कल्पनाही टिकली नाही. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर २ शुक्राजवळून गेलं आणि तो भट्टीसारखा तापलेला आहे हे पक्कं झालं. पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सियस तापमान, हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदेक पट. अळंबी सोडाच, शिसंही तिथे वितळतं. पण १९५६ मध्ये ढगांखाली काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे लेखकांना रान मोकळं होतं. आपल्याला पहाटे दिसणारी ती सुरेख चांदणी, आणि तिथून हे ध्यान यावं!

राक्षसाला अंधारातच ठेवलं असतं तर?

तर चित्रपटाची अब्रू वाचली असती. ब्लेझडेलनं ब्यूला गुहेतल्या अंधारासाठी बनवली होती: दिसतील त्या नांग्या, चकाकते डोळे, दात, बाकी सावली. शेवटच्या झटापटीत तिला गुहेच्या तोंडाशी, कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात आणलं गेलं. अंधार फुकट असतो आणि स्वस्त भयपटाचा तोच सगळ्यात मोठा आधार; तो सोडून दिला की फोम रबर हे फोम रबरच दिसतं.

ती गुहा आणखी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते.

वाटणारच. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधली ब्रॉन्सन कॅन्यनची ती गुहा. मुळात दगडाच्या खाणीचा बोगदा, स्टुडिओंपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून शेकडो चित्रपटांत आणि मालिकांत वापरलेला. १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेत बॅटमॅनची गाडी सुसाट बाहेर पडते तीही इथूनच.

‘कमी खर्चाचा’ म्हणजे नेमकं कसं? एवढ्या पैशात परवडायचं कसं?

कॉरमन तेव्हा आठवड्या-दोन आठवड्यांत एक चित्रपट चित्रित करून मोकळा व्हायचा. पण खरी गंमत चित्रीकरणात नाही, वितरणात आहे.

तेव्हा थिएटरात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायचे. पहिल्या, मोठ्या चित्रपटाला तिकीटविक्रीतला टक्का मिळायचा. दुसऱ्याला ठरलेलं किरकोळ भाडं. निकल्सन-आर्कॉफचे चित्रपट नेहमी दुसऱ्या पानावर. त्यांनी शक्कल लढवली: दोन्ही चित्रपट आपणच द्यायचे, एकाच जातीचे, जोडीनं, आणि टक्काही आपणच घ्यायचा. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ असाच ‘द शी-क्रीचर’च्या जोडीनं लागला. त्या दुसऱ्या चित्रपटाचा राक्षसही ब्लेझडेलचाच आणि लेखकही तोच, लू रूसॉफ.

गिऱ्हाईक ठरलेलं होतं: गाडीत बसून चित्रपट बघायला येणारी तरुण पोरं. अशा उघड्या मैदानी थिएटरांची संख्या त्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ४ हजारांच्या वर गेली होती. गाडीतल्या जोडप्याचं पडद्याकडे कितपत लक्ष असायचं हा भाग वेगळा. म्हणून या कंपनीत पुष्कळदा आधी नाव ठरायचं, मग पोस्टर, थिएटरवाल्यांनी मान डोलावली की मग पटकथा. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ या नावाचंच बघा ना: जग जिंकणं राहिलं दूर, पाहुण्याला एक गाव धड जिंकता येत नाही.

पटकथा खरोखर कुणाची?

पडद्यावर नाव रूसॉफचं. तो आर्कॉफचा मेहुणा. घरच्या अडचणीमुळे त्याला मधूनच कॅनडाला जावं लागलं आणि मसुदा कॉरमनच्या पसंतीला उतरेना. मग चार्ल्स ग्रिफिथनं घाईघाईनं तो नव्यानं लिहून दिला आणि स्वतःचं नाव मात्र घेतलं नाही. ग्रिफिथ चित्रपटात एका शास्त्रज्ञाच्या छोट्या भूमिकेत दिसतोही. एवढ्या घाईत लिहिलेले संवाद कुठे कुठे चक्क धारदार आहेत, विशेषतः नवरा-बायकोचे. बाकी ठिकाणी माणसं भाषण केल्यासारखी बोलतात, हेही खरं.

मेंदूवर ताबा हा विषय त्याच सुमारास इतका का बोकाळला?

कारण बाहेरच्या जगातही लोक त्याच भीतीनं पछाडलेले होते. १९५० मध्ये एडवर्ड हंटर या पत्रकारानं चीनबद्दल लिहिताना ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द इंग्रजीत रूढ केला. मग कोरियाचं युद्ध. १९५३ मध्ये युद्धबंदी झाली तेव्हा २१ अमेरिकी युद्धकैद्यांनी घरी परतायला नकार दिला. आपली चांगली घरातली पोरं असं कसं करतील? एकच उत्तर सोयीचं होतं: त्यांच्या डोक्यात कुणीतरी शिरलं असणार. सीआयएला ही भीती इतकी खरी वाटली की त्याच वर्षी एमके-अल्ट्रा नावाखाली तिनं स्वतःच मेंदूवर ताबा मिळवण्याचे गुप्त प्रयोग सुरू केले. त्याच काळात देशात सेनेटर मॅकार्थीची कम्युनिस्ट-शोधमोहीम चालू होती. शेजारी, मास्तर, नट, कुणावरही संशय.

रॉबर्ट हाइनलाइनची ‘द पपेट मास्टर्स’ ही कादंबरी १९५१ ची. तिच्यातले परग्रहवासी माणसांच्या पाठीवर चिकटून बसतात. ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ १९५३ चा, तिथेही मानेतच काहीतरी टोचलेलं. म्हणजे आमचं पाखरू काही पहिलं नव्हे. उपग्रहाच्या बाबतीत मात्र चित्रपट काळाच्या पुढे होता. अमेरिकेनं उपग्रह सोडायचा बेत जुलै १९५५ मध्ये जाहीर केला होता, पण पहिला उपग्रह, रशियाचा स्पुटनिक, वर गेला ऑक्टोबर १९५७ मध्ये, चित्रपटानंतर वर्षाहून अधिक काळानं.

‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ची ही नक्कल आहे का?

तोही १९५६ चाच, काही महिने आधीचा, आणि चित्रपट म्हणून कितीतरी सरस. पण तिथे माणसं झोपेत बदलली जातात, त्यात त्यांचा दोष नाही. इथे घराचं दार आतून उघडलं जातं. नक्कल म्हणवत नाही.

सगळी ऊर्जा बंद, मग घड्याळ का थांबतं? आणि बंदूक कशी चालते?

किल्लीचं घड्याळ थांबतं, बंदूक चालते, सायकलही चालते. विचारू नका. पण त्या सायकलमुळे एक मजा झाली आहे: उंचापुरा पीटर ग्रेव्हज सूट घालून, गंभीर चेहऱ्यानं, ओस पडलेल्या रस्त्यांवरून सायकल मारत मानवजात वाचवायला निघतो.

कलाकारांपैकी कुणी पुढे नावारूपाला आलं का?

पॉल झालेला पीटर ग्रेव्हज म्हणजे १९६७ पासून ‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेत दिसणारा जिम फेल्प्स. टॉम झालेला ली व्हॅन क्लीफ म्हणजे ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधला ‘बॅड’. ते डोळे इथेही आहेत, फक्त टोपीऐवजी घरगुती स्वेटरच्या थाटात. डिक मिलर आणि जोनाथन हेझ हे कॉरमनचे हुकमी नट सैनिकांच्या भूमिकांत. त्यांचे विनोद वगळले असते तरी चाललं असतं.

आणि बेव्हर्ली गार्लंड. टॉमच्या बायकोचं, क्लेअरचं काम तिनं केलं आहे. संवाद कितीही भरकटले तरी ती त्यांत जीव ओतते. समोर रेडिओचं खोकं आहे आणि त्यातून नुसती गुणगुण येते आहे, अशा यंत्राशी ही बाई भांडते, आणि ते भांडण खरं वाटतं. पुढच्याच वर्षी ‘डिकॉय’ या मालिकेत ती महिला पोलिसाच्या मुख्य भूमिकेत आली.

शेवट काय होतो? (चित्रपट बघायचा असेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.)

पॉल सायकलवरून घरी येतो. त्याची बायको जोन हसतमुख. घरात त्याच्यासाठी एक पाखरू सोडलेलं. तो झटापट करून ते मारतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की जोन आता जोन राहिलेली नाही. ती शांतपणे सांगते, दुसरं येईल. तो तिला गोळी घालतो. ना किंचाळणारं संगीत, ना लांबण. ज्या चित्रपटाला लोक गाजर म्हणून हसतात त्यात नायक आपल्या बायकोला राहत्या घरात ठार मारतो, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

क्लेअर बंदूक घेऊन एकटी गुहेत जाते. टॉमचे तोवर पॉलशी तात्त्विक वादविवाद चालू असतात. रेडिओवरून तिची किंकाळी ऐकू येते. ज्या यंत्रावर त्याला आजवर फक्त तारणहाराचा आवाज ऐकू यायचा, त्याच यंत्रावर बायकोच्या मरणाचा आवाज. इथे व्हॅन क्लीफचा चेहरा बघा. सैनिकांच्या गोळ्या आणि बझूका ब्यूलावर काही चालत नाहीत. टॉम जळता ब्लोटॉर्च घेऊन तिच्या अंगावर जातो, तिचा डोळा जाळतो आणि तिच्याच नांगीत मरतो. त्यानंतर पॉलचं छोटंसं भाषण आहे, माणूस हा भावना असलेला प्राणी आहे वगैरे. ते गंभीरपणे ऐकावं की हसावं हे तुमच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून.

‘झॉन्टार’ नावाचा चित्रपट पाहिला, गोष्ट अगदी हीच होती. असं कसं?

हीच आहे. कंपनीनं दहा वर्षांनी टीव्हीसाठी आपल्याच जुन्या चित्रपटांच्या आणखी स्वस्त, रंगीत आवृत्त्या करून घेतल्या. लॅरी ब्युकॅनननं टेक्सासमध्ये केलेला ‘झॉन्टार: द थिंग फ्रॉम व्हीनस’ (१९६६) त्यांतलाच. तो पाहिल्यावर मूळ चित्रपट भव्य वाटतो.

मुलांबरोबर बघता येईल का?

दहा-बारा वर्षांच्या मुलांना राक्षस बघून हसू येईल आणि पॉलच्या बायकोच्या, जोनच्या प्रसंगानंतर ती गप्प होतील. घरात बायकोला मारण्याचा प्रसंग आहे हे आधी लक्षात घ्या आणि ठरवा.

टर उडवत बघायचा की मनापासून?

‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या कार्यक्रमानं १९९१ मध्ये त्याची यथेच्छ टिंगल केली आणि आज अनेकांना तो त्या टिंगलीसकटच माहीत आहे. रॉक संगीतकार फ्रँक झापानं १९७४ मध्ये आलेल्या मैफिलीच्या थेट ध्वनिमुद्रणात ‘चीपनिस’ हे गाणं सुरू करण्याआधी याच राक्षसाचं वर्णन केलं होतं: आईस्क्रीमचा उलटा कोन, बुडाशी दात. पण झापाचा सूर टिंगलीचा नव्हता, लाडाचा होता. राक्षसपट जितका स्वस्त तितका तो आपल्याला आवडतो, असं तो उघड सांगतो.

माझी पद्धत विचाराल तर पहिल्यांदा एकट्यानं, मधे कुणाची शेरेबाजी नसताना. ब्यूला उन्हात येईल तेव्हा हसून घ्या, ते कुणालाच चुकलेलं नाही. मग तो जेवणाचा प्रसंग परत लावा आणि या खेपेला टॉमकडे न बघता, रेडिओ वाजत असताना क्लेअर कुणाकडे बघते आहे ते बघा.